खर्जाची वाटी

टपालवाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि कातारीच्या आतलं काहीतरी तिथल्या तिथे, लेथ आणि दरवाजा यांच्यामधल्या चार फुटांत, निखळून पडलं. टपालवाल्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो आपला काखेत पार्सल दाबून, कडू औषध प्याल्यासारखा चेहरा करून ओरडत होता, "अहो, बंद करा की ते! मांजर चिरडल्यासारखं किंचाळतंय!" कातारीने मशीन बंद केलं. चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरलेला पितळेचा गट्टू उगाच दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. "काय किंचाळतंय?" त्याने विचारलं. "हे काय, हे तुमचं यंत्र! डोकं उठलं माझं. तुम्ही दिवसभर हे ऐकता म्हणजे धन्य आहे." टपालवाल्याने सही घेतली आणि करंगळी कानात घालून खळखळवत तो निघून गेला. कातारीने मशीन परत लावलं, कापायचं टूल पितळेला टेकवलं. घरघर ऐकू आली. पट्ट्याची फटफट ऐकू आली. किंचाळणं नव्हतं. मशीन बंद करून त्याने चष्मा पुसला आणि गट्टू उजेडाकडे फिरवून पाहिला. पितळेवर बारीक बारीक लाटा उठल्या होत्या. टूलची धार गेली की ते थरथरतं, थरथरलं की बोंब मारतं, आणि त्या बोंबेच्या ह्या अशा लाटा पितळेवर उमटतात, हे तो पस्तीस वर्षं पाहत आला होता. म्हणजे टूल बोंबलत होतं. सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. ऐकू येत नव्हतं ते फक्त ह्याला.

आता, पितळी वाद्यांना ओठ लावायचे माउथपीस करणाऱ्या ह्या माणसाच्या कानांबद्दल शहरात ज्या गोष्टी सांगितल्या जात त्यांतल्या निम्म्या खोट्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्या त्याहूनही विश्वास बसू नये अशा होत्या. एकदा म्हणे हा मोठ्या हॉलच्या बाहेर, कोट टांगतात त्या खोलीत उभा होता, आणि आतला वाद्यवृंद ऐकून शेजारच्याला म्हणाला, "दुसऱ्या ट्राँबोनवाल्याने आज दाढी केलेली नाही. ओठाखालची खुंटं माउथपीसच्या काठाला घासतायत." मध्यंतरात जाऊन पाहिलं तर खरंच त्याच्या हनुवटीवर दोन दिवसांचं शेत उगवलेलं. दुसरी गोष्ट अशी, की एका वादकाने फोनवरून वाद्यात नुसती फुंकर मारून दाखवली आणि ह्याने त्याला सांगितलं की तुमच्या माउथपीसच्या वाटीच्या तळाशी ब्रेडचा तुकडा अडकलाय, आणि तोही काल रात्रीचा. ही दुसरी गोष्ट खोटी होती. ब्रेड त्याच दिवशी सकाळचा होता. लोक असं बोलत आणि कातारी मान खाली घालून ऐकत असे, नको नको म्हणत असे, आणि मनातल्या मनात फुगत असे. त्याच्या धंद्यात हात सगळ्यांनाच असतात. लेथ तर सायकलचे सुटे भाग करणाऱ्याकडेही असतो. कान मात्र त्याच्याकडे होते.

कारण माउथपीस म्हणजे शेवटी मूठभर पितळ. लोक पाहतात ती ट्राँबोनची पुढची सरकती नळी, तो भलाथोरला उमललेला कर्णा, आणि त्यांना वाटतं आवाज तिथून निघतो. निघतो तिथून खरा, पण जन्मतो ह्या मुठीत. कुणी नवखा वादक दुकानात आला की कातारी त्याला अर्धा तास बसवून घेई आणि पितळेचा तो पेला त्याच्या नाकासमोर फिरवत बसे. "हा काठ. रुंद ठेवला की ओठ त्यावर लोडाला टेकल्यासारखा बसतो, आरामात, आणि मग आळशी होतो. आतली कड धारदार ठेवली तर सूर कात्रीने कापल्यासारखा सुरू होतो, पण ती कात्री आधी ओठावर चालते हे लक्षात ठेवा. ही वाटी. साध्या ट्राँबोनची असते त्याहून बास ट्राँबोनची मोठी, उकडलेलं अंडं ठेवायचा कप असतो ना, तेवढी म्हणा. खोल केली तर आवाज काळा होतो, विहिरीतून आल्यासारखा. उथळ केली की उजळतो, उजळतो, आणि मग एकदम पत्रा वाजायला लागतो. हा तळाचा गळा. मोठा केला तर तुमचा दम दोन मिनिटांत संपेल, लहान केला तर सुराला ठसका लागेल. आणि ही पुढची नळी, तिच्याबद्दल मी काही बोलत नाही, कारण तिच्याबद्दल जो बोलतो तो खोटं बोलतो." नवखा माणूस हसे. मग कातारी त्याला वाजवायला लावी, डोळे मिटून ऐके, मशीनवर केसाएवढं पितळ काढी, परत वाजवायला लावी. आकड्यांची वही होती त्याच्याकडे, पण वही भाजीच्या यादीसारखी. शेवटचं मीठ तो कानाने घालत असे. आता तो दरवाजा आतून लावून, खुर्चीवर न बसता, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येऊ पाहत होती. तिला तो आत घेत नव्हता. ती गोष्ट तळघरची होती.

तळघर म्हणजे वाद्यवृंदातला बास ट्राँबोनवाला. त्याला ते नाव सत्तावीस वर्षांपूर्वी पडलं, कारण त्याचा खर्ज कानाने ऐकू येण्याआधी खुर्चीतून ऐकू येई. हॉलच्या शेजारच्या इमारतीत म्हणे एक म्हातारा खिडकीच्या काचांना दरवर्षी नवी लांबी लावून घ्यायचा आणि त्याचं कारण विचारलं की तळघरकडे बोट दाखवायचा. त्या खर्जाची वाटी कातारीने केली होती. महिनाभर लागला होता. तळघरचा ओठ नखरेल. काठ जरा बदलला की त्याला सूज येई. म्हणून कातारीने काठ वेगळा केला, त्याला आतून आटे पाडले आणि तो वाटीवर झाकणासारखा फिरवून बसेल असं केलं. ओठाचं लग्न काठाशी लागलेलं असतं, तो म्हणायचा. वाटी काय, ती घरातली भांडी आहेत, बदलता येतात. वाटी पुरी झाली त्या दिवशी पहिल्यांदा खालचा सूर लागला तेव्हा कातारीने वही मिटून ठेवली होती. सूर मोठा होता म्हणून नव्हे. त्या काळ्या, जाड सुराच्या कडेला एक चकाकती रेघ होती, कोळशाच्या ढिगाला उन्हाने किनार लावावी तशी. तळघरने वाद्य मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "लेका, हे काय केलंस?" आणि कातारीला आपल्या लग्नातसुद्धा झाला नव्हता एवढा आनंद झाला होता. हे त्याने बायकोला कधी सांगितलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी ती रेघ गेली. कातारी सज्जातल्या आपल्या नेहमीच्या जागेवर, खांबाआड बसला होता, आणि तळघरचा खर्ज आला तो नुसता काळा. जाड, गोल, उबदार, आणि कडेला काही नाही. त्याने मान पुढे काढली. वाटलं, आज ओठ बरा नसेल. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. मग त्याच्या मनात आलं की तळघर म्हातारा होतोय. दम उतरला, ओठाचे स्नायू सैल पडले, आणि त्याचं त्यालाच कळत नाहीये बिचाऱ्याला. ह्या 'बिचाऱ्याला' शब्दावर आता, बंद दुकानात, कातारी अडकला. किती मायेने आला होता तो शब्द तेव्हा! किती वरून आला होता! सालाबादप्रमाणे तळघरने माउथपीस धुवायला आणून दिला, दोन दिवसांनी नेतो म्हणाला, आणि त्या दोन दिवसांत कातारीने काठ फिरवून वेगळा काढला, वाटी चकात धरली आणि काठ जिथे येऊन टेकतो ती वाटीची कड तासली. चार दशांश मिलिमीटर. आतला सांधा हाताने घासून गुळगुळीत केला, काठ परत बसवला. ओठाला काडीचाही फरक कळणार नव्हता, कारण काठ तोच होता. तो फक्त चार दशांश खाली बसला आणि वाटी तेवढी उथळ झाली. उजळेल आता, तो स्वतःशी म्हणाला. रेघ परत येईल. आणि सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? तेव्हा त्याला कारण माहीत होतं: वादकाला सांगितलं की त्याला जे नाही तेही ऐकू यायला लागतं. हे खरंच होतं, कुठल्याही वादकाला विचारा. पण आता त्या कारणाला खालून दुसरं एक कारण फुटत होतं. मित्राच्या म्हातारपणावर आपण गुपचूप इलाज केला आणि त्याला पत्ताही लागू दिला नाही, ह्यात एक चव होती. ती चव त्याने दोन वर्षं चघळली होती. रेघ काही परत आली नाही. म्हणून मागच्या वर्षी धुवायला आल्यावर त्याने आणखी अर्धा मिलिमीटर काढला. मग तळघर अधूनमधून कुरकुरायला लागला. छडीवाले साहेब, म्हणजे समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणारे, ते म्हणतात की जरा मऊ घ्या, कान फाटतात. कातारी हसला होता. "मऊ? अरे, तू आणखी मऊ वाजवलंस तर ते गादीवाल्याचं दुकान होईल. त्यांना सांग, कान धुवा." आपण हे म्हणालो. शब्दशः म्हणालो. कान धुवा. खुर्चीची पाठ त्याच्या हाताखाली ओली झाली होती. आणि मागच्याच आठवड्यात तळघर दुकानात आला, कोट न काढता बसला आणि म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी चिठ्ठी देतोय. जागा सोडतो. ओठ गेला माझा. मी मऊ वाजवतो आणि बाहेर पत्रा पडतो, मला काही आवरतच नाही. दुसऱ्यांनी हाकलण्याआधी आपण उठावं." कातारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "बरं," म्हणाला होता. "वय होतंच रे." आणि तळघर उठता उठता म्हणाला, "एक बरं आहे. तुझी वाटी तेवढी जशीच्या तशी आहे. नाहीतर मी वेडा झालो असतो."

आज मंगळवार होता.

घरी जाऊन तो बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. पाणी पडताना ऐकू येत होतं, पण जाड पडत होतं, कुणी पाण्याऐवजी दूध सोडल्यासारखं. किल्ल्यांचा जुडगा त्याने कानाशी हलवला. लाकडाचे तुकडे हलावे तसा वाजला. मनगटावरचं घड्याळ बंद पडलंय असं त्याला वर्षभर वाटत होतं आणि तरी ते वेळ बरोबर दाखवतं ह्याचं त्याने कौतुक केलं होतं. बायको दारात उभी राहून पाहत होती. "अहो, पाणी कशाला वाया घालवताय?" तो म्हणाला, "अगं, एक सांग. मला ऐकू येत नाही असं तुला कधी वाटलं का?" ती एवढी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "चार हाका मारल्याशिवाय तुम्ही कधी आलात? मी बहिणीला सांगते, आमच्याकडे पाचवी हाक पहिली धरतात." मग त्याचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता," ती हळूच म्हणाली. तो म्हणाला, "मी मुद्दाम करतो असं वाटूनही तू काही बोलली नाहीस?" ती म्हणाली, "तुमच्या कानांबद्दल तुम्हाला कोण सांगणार? सगळं शहर तुम्हाला विचारायला येतं."

बुधवारी सकाळी तो कान तपासणाऱ्या बाईंकडे गेला. एवढीशी काचेची खोली, भिंतींना फोम, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबा, बाई म्हणाल्या. पहिले आवाज जाडे होते आणि त्याने ते ऐटीत पकडले. मग आवाज बारीक होत गेले, आणखी बारीक, आणि मग काहीच येईना. पण काच होती, काचेपलीकडे बाईंचा चेहरा होता, आणि त्याला ठाऊक होतं की साधारण दर तीन सेकंदांनी एक आवाज येतो. तो तालात बटण दाबत राहिला. दाब, दोन, तीन, दाब. शाळेत न येणाऱ्या गणिताचं उत्तर शेजाऱ्याच्या ओठांवरून वाचावं तसा बाईंच्या भुवईकडे बघत दाबत राहिला. बाई दार उघडून आत आल्या. "काका," त्या म्हणाल्या, "मी मघापासून आवाज सोडलेलाच नाही." त्याने बटण मांडीवर ठेवलं. त्यांनी त्याला एक आलेख दाखवला. डावीकडून निघालेली रेघ मध्यापर्यंत सपाट आली होती आणि तिथून घसरगुंडीवर बसल्यासारखी खाली गेली होती. "खालचे सूर उत्तम आहेत हो तुमचे. वरचं सगळं गेलंय. एका दिवसात नाही, आठ-दहा वर्षं जात असणार. काम कसलं करता?" "लेथवर." "मग कानात काही घालत नाही का? बोळे वगैरे?" "कानात बोळे घातले तर ऐकू कसं येणार?" कातारी म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. बाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून दुकानापर्यंत तो पायी आला आणि रस्ताभर हिशोब उलटा बसत गेला. रेघ तळघरच्या सुरातून गेलेली नव्हती. रेघ जिथे होती तिथेच होती. गेला होता तो तिला पाहणारा डोळा. आणि आपण काय केलं? समोरचं चित्र धूसर दिसतं म्हणून चष्मा न लावता चित्रच खरवडलं. वाटी उथळ केली, उजळ केली, पुन्हा केली, आणि दर वेळी आपल्याला ऐकू आला तो अंधारच, आणि लोकांना ऐकू आला पत्रा, आणि मधल्या मध्ये एका माणसाने आपल्या ओठाला दोष दिला. बाकीचे? दोन वर्षांत किती वाट्या केल्या? एकेका वादकाचा चेहरा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तो एकेकाला बाजूला सारत गेला, तुम्ही नंतर, तुम्ही नंतर. पितळ काढता येतं. घालता येत नाही. ह्या वाक्यावर त्याने पस्तीस वर्षं लोकांना भाषणं दिली होती.

त्याने वही काढली. सत्तावीस वर्षांपूर्वीचं पान, पेन्सिलीचे आकडे फिक्कट झालेले. नवा गट्टू चकात धरून तो आयुष्यात पहिल्यांदा नुसत्या आकड्यांवर माउथपीस करायला बसला. कुणी वाजवून दाखवायला नाही, आणि वाजवलं असतं तरी काय? टूल दर वेळी नवी धार लावून घेतलं, पितळेवर लाटा उठतायत का हे भिंगाने पाहिलं, दर फेरीनंतर गेज आत सोडून खोली मोजली. आंधळा माणूस काठीने रस्ता चाचपतो तसं. वाटी झाली, गळा झाला, आटे झाले. आणि मग त्याने जे केलं त्याची त्याला नंतर सर्वांत जास्त लाज वाटली: ती वाटी जुनी दिसावी म्हणून त्याने व्हिनेगरने मळवली, राखेने घासली आणि तळघरच्या वाटीच्या नळीवर एक पोचा होता तो आठवून, तसाच, तिथेच, छोट्या हातोडीने पाडला. पोचा हुबेहूब जमला. हातांना अजून सगळं येत होतं. बेत साधा होता. जायचं, जरा साफ करून देतो म्हणायचं, तळघरचा काठ काढून ह्या वाटीवर चढवायचा, आणि जुनी खिशात घालून परत यायचं. तळघरला वाटेल ओठ बरा झाला. चिठ्ठी फाडेल. जे गुपचूप बिघडवलं ते गुपचूप दुरुस्त होईल, आणि कान, ते शाबूतच राहतील सगळ्या शहरासाठी.

गुरुवारी दुपारी तो तिसऱ्या मजल्यावर चढला. वहिनींनी दार उघडलं. "या भावोजी. बरं झालं आलात, तुम्हीच काहीतरी बोला त्यांच्याशी. सकाळपासून घोटीव अक्षरात चिठ्ठी लिहितायत, लग्नपत्रिका असल्यासारखी." तळघर रियाजाच्या खोलीत बसला होता, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून भिंतीला कपड्यांची कपाटं लावलेली ती खोली. टेबलावर पांढरा लिफाफा होता, बंद केलेला. "ये. शेवटचं ऐकायला आलास?" तळघर म्हणाला. कातारी म्हणाला, "दे इकडे, जरा धुऊन देतो. किती मळवलायस." तळघरने माउथपीस काढून दिला. मोरीत जाऊन कातारीने नळ सोडला, काठ फिरवला, सहा आटे, नव्या वाटीवर चढवला, सहा आटे, जुनी वाटी कोटाच्या खिशात टाकली. आरशात पाहिलं नाही.

तळघरने माउथपीस बसवला, ओठ चाटला आणि कंटाळलेल्या माणसासारखा खालचा सूर लावला. कातारीला तो नेहमीसारखाच ऐकू आला. जाड, गोल, काळा. काडीचाही फरक नाही. जमलं की बिघडलं? त्याला कळेना, आणि त्या न कळण्याची त्याला भीती वाटली. मग दार सरकलं. वहिनी दारात आल्या होत्या, दोन्ही हात साबणाने भरलेले, कोपरांपासून वर धरलेले, थेंब जमिनीवर पडतायत आणि त्यांचं लक्ष नाही. भिंतीपलीकडून हा सूर त्यांनी पंचवीस वर्षं भांडी घासता घासता ऐकला होता. त्यांचा चेहरा पाहून कातारीला कळलं. तळघरने वाद्य खाली घेतलं, माउथपीसकडे पाहिलं, परत वर घेतलं, परत वाजवलं. ह्या वेळी लांब, दम संपेपर्यंत. मग त्याने कातारीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढा हावरेपणा होता की कातारीने नजर फिरवली. "काय रे?" तळघर म्हणाला. "बोल ना. मला खरं वाटत नाहीये. तुझ्या तोंडून ऐकू दे. आहे का? परत आलंय का?"

'आलंय' एवढंच म्हणायचं होतं. ते खरंही होतं, वहिनींच्या कोपरांवरून दिसत होतं. पण तो ते म्हणाला असता तर उद्या तळघरने पुन्हा विचारलं असतं, आणि परवा, आणि दर वेळी ह्याने कुणाच्या तरी चेहऱ्याकडे बघत बटण दाबलं असतं. दाब, दोन, तीन, दाब. तो म्हणाला, "मला कळत नाही."

"म्हणजे?"

"मला ऐकू येत नाही रे वरचं. काहीच. तू काय वाजवलंस मला माहीत नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. खिशातली वाटी टेबलावर, लिफाफ्याशेजारी ठेवून सांगितलं. चार दशांश आणि अर्धा, दोन वेळा, दोन वर्षं. सांगताना त्याचा आवाज त्यालाच पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. सांगून झाल्यावर तळघर म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"मग?" तळघर ओरडला. "मग, गाढवा? नको म्हणालो असतो, म्हणून तर विचारतात!" तो उठला, खोलीत चालायला जागा नव्हती म्हणून परत बसला. "दोन वर्षं मी रोज सकाळी आरशात ओठ बघतोय. डॉक्टरला दाखवला. ओठ! तो म्हणाला, काही नाही झालेलं, मी म्हटलं तुम्हाला काय कळतंय. शिकायला येणाऱ्यांना सांगितलं येऊ नका, माझं ऐकून तुमचं बिघडेल. आणि एकदा, एकदा रे, मनात आलं होतं, की तुझ्याकडून धुऊन आणलं की काहीतरी जातं. मग मलाच शरम वाटली. म्हटलं, छे, त्याचे कान आहेत. माझेच बिघडले असतील."

कातारीला वाटलं हा आता मारेल, आणि मारावं असंही वाटलं. तळघरने मारलं नाही. वहिनी पुढे आल्या, ओल्या हातानेच त्यांनी टेबलावरचा लिफाफा उचलला आणि पदराला हात पुसावा तितक्या सहज तो चुरगाळून आत नेला. जाताना म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही घरी जा आता." आवाजात राग नव्हता. दुसऱ्याचं मूल संध्याकाळ झाल्यावर परत पाठवतात तसं त्या म्हणाल्या.

"दोन्ही वाट्या इथेच ठेव," तळघर म्हणाला, भिंतीकडे बघत. "माझं मी ऐकतो."

जिना दगडी होता आणि कठडा गार. तो एक मजला उतरला आणि वर सूर लागला तसा थांबला. काळा, गोल, जाड. मग शांतता. ती शांतता किती लांबीची आहे हे त्याला कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं: सहा आटे काढायला, सहा आटे लावायला. मग पुन्हा सूर. काळा, गोल, जाड. एक वाटी त्याने सत्तावीस वर्षांपूर्वी केली होती आणि दोनदा मारली होती, दुसरी काल केली होती, आणि तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या कानापर्यंत पोचेपर्यंत दोन्ही एकच झाल्या होत्या. तो कठड्याला धरून मान वर करून उभा राहिला. खालून एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर आल्या, धापा टाकत, समोरच्या दारापाशी पिशव्या ठेवून किल्ली शोधायला लागल्या. त्याने ह्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं.

"माफ करा," तो म्हणाला. "हे वर वाजतंय ते... कसं वाटतंय तुम्हाला?"

बाईंनी त्याला खालपासून वर न्याहाळलं. "मला काय विचारता? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तरी."

त्यांनी उगाच कान दिला. "हे आत्ताचं रोजचंच आहे. टोचतं. पण मी खालच्या पायऱ्या चढत होते ना, तेव्हा एकदा वाजलं, ते बरं होतं. मला वाटलं माझा पाय एक पायरी चुकला की काय. छातीतच काहीतरी खाली गेलं."

वर शांतता झाली. सहा आटे, सहा आटे. सूर लागला.

"आता?" त्याने विचारलं.

"हे मघाचं. चांगलं."

पुन्हा सूर. ह्या वेळी मध्ये शांतता नव्हती.

"आणि हे?"

"तेच की. अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का?" बाईंनी चेष्टेने म्हटलं आणि किल्ली सापडली म्हणून दाराकडे वळल्या.

"नाही," कातारी म्हणाला. तो तिथेच पायरीवर बसला, पिशव्यांना धक्का लागू नये म्हणून पाय जवळ घेऊन. वर तळघर आता थांबत नव्हता. एकामागून एक, खाली, आणखी खाली. "नाही येत. तुम्हाला घाई नसेल तर आणखी थोडं सांगा."